दगडी शेकोटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणात, शेतघरी किंवा कृषी पर्यटन केंद्रात कायमची दगडी शेकोटी बांधायची असेल, तर गवंड्याला बोलावण्याआधी हे वाचून घ्या. खालची सगळी मापं आतून ३ फूट व्यासाच्या गोल शेकोटीची आहेत. दहा-पंधरा माणसांना ती पुरते.

शेकोटीचा दगड फुटतो तो नक्की कशामुळे?

बहुतेक वेळा पाण्यामुळे. दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं पाणी तापलं की त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. वाट मिळाली तर वाफ निघून जाते, नाही मिळाली तर दगडाची कपची उडवते. दुसरं कारण म्हणजे असमान ताप. आतली बाजू लाल होण्याइतकी तापलेली, बाहेरची हात लावण्याइतकी गार. एकच दगड दोन्हीकडे वेगवेगळा फुगतो आणि मधे तडकतो. तिसरं कारण दगडाच्या घडणीतच असतं, ते पुढे दगडांच्या जातींनुसार येईलच.

या पानावरची जवळजवळ सगळी खटपट दोन गोष्टींसाठी आहे. दगड कोरडा राहायला हवा आणि दिसणारा दगड आगीला थेट भिडता कामा नये.

काळा दगड चालेल ना? तो सगळा सारखाच असतो का?

चालतो, आणि देशावर तोच घ्यावा. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, लाव्ह्याचा थिजलेला थर. त्यात ग्रॅनाइटसारखे क्वार्ट्‌झचे दाणे नसतात, त्यामुळे ताप तो बऱ्यापैकी सोसतो. पण सगळा काळा दगड सारखा नसतो. खाणीच्या एकाच कड्यात खाली घट्ट निळसर-काळा दगड दिसतो, वर छिद्राछिद्रांचा मांजऱ्या, आणि दोन थरांच्या मधे कधी तांबडा मातकट पट्टा. तांबडा पट्टा कशालाच घेऊ नका. मांजऱ्या आगीजवळ नको.

मांजऱ्याला नकार देण्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. त्याच्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट, कधी गुलाबीसर स्फटिक भरलेले असतात. त्यातले बरेचसे झिओलाइट गटातले. या खनिजांच्या रचनेतच पाणी असतं. १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असा स्फटिक तापवला, तेव्हा तो वाफ सोडत उकळल्यासारखा फुगला. त्यावरूनच त्याने ग्रीक शब्द जोडून ‘झिओलाइट’, म्हणजे उकळणारा दगड, हे नाव दिलं. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींमधले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ते कपाटात ठेवावेत इतके सुंदर असतात, पण शेकोटीच्या आतल्या अंगाला ते असलेला दगड पहिल्याच थंडीत कपच्या टाकू लागतो.

निवड करताना सुतकीने (गवंड्याच्या हातोडीने) दगडावर ठोका द्या. खणखणीत आवाज आला तर घ्या. बद्द आला तर आत भेग आहे किंवा दगड कुजका आहे. शंका राहिली तर दगड चार दिवस कडक उन्हात ठेवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, फडक्याने पुसून पुन्हा वजन करा. १० किलोच्या दगडाचं वजन १०० ग्रॅमच्या आत वाढलं तर दगड उत्तम. ३०० ग्रॅमच्या वर गेलं तर तो बसायच्या कट्ट्याला वापरा.

घरकामातून उरलेले ग्रॅनाइट, शहाबादी, कडप्पा वापरले तर?

बसायच्या कट्ट्यावर खुशाल वापरा. आगीच्या कडेला नको.

ग्रॅनाइटमधला क्वार्ट्‌झ ५७३ अंश सेल्सिअसला एकदम रचना बदलतो आणि फुगतो. शेजारचे दाणे तसे फुगत नाहीत, म्हणून पृष्ठभागाच्या खपल्या निघतात. लाकडाच्या निखाऱ्यांचा ढीग हे तापमान सहज ओलांडतो. शिवाय पॉलिशच्या लाद्यांच्या भेगांत बरेचदा रेझिन भरलेलं असतं, ते जळून घाण वास सुटतो.

शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडक. त्यांचे आधी पापुद्रे सुटतात. पुढे ८५०-९०० अंशांच्या आसपास त्यांच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. चुनाभट्टीत हेच मुद्दाम केलं जातं. मग पावसाळ्यात त्या चुन्यावर पाणी पडलं की तो फुलतो आणि फरशीची कड हाताने चुरता येते.

नदीतले गोल गोटे छान दिसतात. ते लावू का?

नको. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या गोट्याच्या आतवर पाणी असतं आणि पृष्ठभाग घासून गुळगुळीत झाल्यामुळे वाफेला वाट कमी. असा गोटा फुटला की तुकडे डोळ्यांच्या उंचीवर उडतात. सहलीला नदीकाठी तीन गोट्यांची चूल मांडतानाही हीच काळजी घ्या: पात्रातला दगड न घेता काठावरचा, उन्हात पडलेला घ्या. सिमेंटचे पेव्हर ब्लॉकही आगीला लागून ठेवू नका.

कोकणात आणि गोव्यात जांभा स्वस्त आणि हाताशी आहे. त्याचं काय?

बाहेरच्या भिंतीला आणि कट्ट्याला जांभ्यासारखा दगड नाही. चिरा कापायला सोपा, हवेवर राहून घट्ट होणारा, आणि त्याचा रंग आगीच्या उजेडात खुलतो. पण आतल्या अंगाला त्याच्या दोन अडचणी आहेत. तो सच्छिद्र आहे, चार महिने पाऊस पितो. आणि त्याच्यातल्या पिवळसर लोहखनिजात पाणी बांधलेलं असतं, ते साधारण ३०० अंशांच्या पुढे निघून जातं. चिरा लालभडक होतो आणि भुसभुशीत पडतो. म्हणून जांभ्याची शेकोटी बांधायची तर आत भट्टीच्या विटांचं (ताप सोसणाऱ्या फायर ब्रिकचं) अस्तर हवंच, आणि वरची कड काळ्या दगडाची करावी.

आकार किती ठेवावा?

आतून ९० सेमी, म्हणजे ३ फूट. याहून लहान केली तर लाकडं आडवी मावत नाहीत. ४ फुटांच्या पुढे गेलात तर लाकूड दुप्पट लागतं आणि माणसं आगीपासून लांब बसतात. जमिनीवरची उंची ४० सेमी पुरे; भिंत उंच केली की ऊब वर निघून जाते आणि पाय गार राहतात.

बाहेरच्या कडेपासून बसायच्या कट्ट्यापर्यंत ९० सेमी मोकळी जागा, कट्ट्याची उंची ४२ ते ४५ सेमी, रुंदी ४५ सेमी. एकूण साडेचौदा फूट व्यासाची सपाट जागा लागते. कट्टा पूर्ण गोल करू नका, पाव भाग उघडा सोडा. त्याची बाजू कोणती, ते धुराच्या प्रश्नात सांगितलं आहे.

घराच्या भिंतीपासून १५ फूट, झावळ्यांच्या किंवा गवताच्या छपरापासून किमान ३० फूट अंतर ठेवा. कडब्याची गंजी वाऱ्याच्या दिशेला असेल तर याच्या कितीतरी पट. वर फांदी नको, विजेची तार नको, खाली ठिबकची नळी नको.

सामान किती लागेल?

- भट्टीच्या विटा, २३० × ११५ × ७५ मिमी : लागतात ४८, आणा ५५
- काळा डबर (न घडवलेला दगड) : पाव ब्रास, म्हणजे २५ घनफूट, निवडून साधारण तेवढाच लागतो
- कडेचे घडीव दगड : १२ नग, जाडी ६ सेमी, रुंदी ३८ सेमी, बाहेरची लांबी ४३ आणि आतली साडेतेवीस सेमी
- ४० एमएम खडी : १८ घनफूट
- जाड वाळू किंवा कच (दगडाचा चुरा) : १० घनफूट
- सिमेंट : २ गोण्या
- फायर क्ले (ताप सोसणारी माती) : २५ किलोची १ गोणी

विटा घेताना जाडी ७५ मिमी आहे ना, ते पट्टीने मोजा. पातळ विटांवर हिशेब बसत नाही.

पाया कसा घ्यावा? आमची जमीन काळी आहे.

मुरमाड जमीन असेल तर काम सोपं. मधे खुंटी ठोका, तिला ९५ सेमी सुतळी बांधून वर्तुळ आखा आणि ३० सेमी खणा. तळ धुमसाने ठोका, त्यावर खडी टाकून ठोकत आणा, ठोकून १८ सेमी थर भरला पाहिजे. वर कच पसरून पाणसळीत (समपातळीत) घ्या. तळाला काँक्रीट ओतू नका. पाणी जिरायला वाट राहत नाही, आणि आगीखालचं काँक्रीट तडकतंच.

काळ्या मातीत मात्र घाई करू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, भेगांत हात जातो. तिच्यावर थेट बांधलेलं वर्तुळ दोन वर्षांत एका बाजूला कलतं आणि सांधे उघडतात. मुरूम लागेपर्यंत खणा. तो लवकर लागला नाही तर किमान ७५ सेमी माती काढा आणि मुरमाने भरत या: १५ सेमीचा थर, पाणी, धुमस, मग पुढचा थर. त्यावर खडी. या भरावाचा खर्च वाचवून कडेच्या दगडांवर उधळलेला दिसतो, करायला हवं ते उलट.

बांधकामाचा क्रम काय?

आधी अस्तर, मग भिंत, शेवटी कड.

१. मधल्या खुंटीवरून ४६.५ सेमी त्रिज्येचं वर्तुळ आखा. विटा उभ्या लावायच्या, ११५ मिमीची रुंद बाजू आगीकडे. पहिल्या थरात २३ विटा आणि समान अंतरावर ४ फटी, प्रत्येकी ५ ते ६ सेमी. याच हवेच्या वाटा. दुसऱ्या थरात २५ विटा, फटी नाहीत. सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका.

२. सांध्याला साधं सिमेंट चालत नाही. ३०० अंशांच्या पुढे त्याची ताकद झपाट्याने घटते आणि ते भुकटी होऊन पडतं. फायर क्ले पाण्यात ताकापेक्षा थोडी दाट कालवा, वीट त्यात बुडवा आणि दाबून बसवा. आतल्या कडेचा सांधा २-३ मिमीच हवा. मागच्या बाजूला वर्तुळामुळे सुमारे २ सेमीची पाचर उघडी राहते, ती विटेच्या तुकड्याने आणि फायर क्लेने भरा.

३. अस्तराच्या मागे २.५ सेमी जागा सोडून दगडी भिंत उचला, जाडी २५ सेमी. ही जागा मोकळीच ठेवायची आहे. बांधताना तिथे पुठ्ठ्याच्या दोन-तीन पट्ट्या उभ्या ठेवा म्हणजे माल (कालवलेलं सिमेंट-वाळू) आत पडत नाही. पुढे त्या जळून जातात. गवंड्याला हे दोनदा सांगा, कारण पोकळी दिसली की ती मालाने भरायची त्याच्या हाताला सवय असते. भरली की तापलेलं अस्तर फुगून भिंतीला ढकलतं आणि बाहेरच्या दरजा (दगडांमधले सांधे) फुटतात.

४. भिंतीला १:५ सिमेंट-वाळू. दगड आपल्या नैसर्गिक थरावर आडवा बसवा, मोठ्या दगडांमधल्या जागा मालाने न भरता कपच्या ठोकून भरा. दर फुटाला एक दगड पूर्ण २५ सेमी जाडीचा आरपार घाला. अस्तरातल्या चार फटींसमोर, जमिनीला लागून, भिंतीतही ५ सेमीची वाट ठेवा.

५. कडेचे दगड फक्त भिंतीवर मालात बसवा. अस्तराच्या माथ्यावर ते टेकता कामा नयेत, ४ मिमी अंतर हवं. वरच्या पृष्ठाला बाहेरच्या बाजूला हलका उतार द्या, म्हणजे पाणी आत येणार नाही.

६. आत तळाशी ६ सेमी जाड वाळू. गोटे, रंगीत खडे नकोत.

एक गवंडी आणि दोन मजूर यांचं हे तीन दिवसांचं काम आहे, कडेचे दगड पाथरवटाकडून आधी घडवून आणलेले असतील तर.

भट्टीच्या विटा मिळत नाहीत. लोखंडी कडं चालेल?

चालेल. ५ किंवा ६ मिमी जाड पत्र्याचं कडं फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून घ्या. फक्त लोखंड फुगतं हे विसरू नका. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवूनच का चढवतात, ते आठवा: तापली की मोठी होते, गार झाली की लाकडाला आवळते. ९० सेमी व्यासाचं कडं ६०० अंशांनी तापलं की व्यास साधारण साडेसहा मिमीने वाढतो. म्हणून त्याच्यामागेही २.५ सेमी पोकळी सोडायची. कोकणातल्या दमट हवेत असं कडं गंजून लवकर पातळ होतं. तिथे विटा शोधायचे कष्ट घ्यावेत.

साध्या पक्क्या भाजलेल्या लाल विटाही दोन-तीन हंगाम टिकतात, पण त्या मालाविना, कोरड्या रचा. बदलायला सोप्या जातात.

धूर सतत तोंडावर येतो. काय चुकतं?

तीन गोष्टी पाहा. लाकूड ओलं आहे का? हवेच्या चार वाटा राखेने बुजल्या आहेत का? आणि बसायची उघडी बाजू चुकीच्या दिशेला आहे का?

किनारपट्टीवर रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे धूर पश्चिमेला जातो. कट्ट्याचा उघडा पाव भाग पश्चिमेला ठेवा. घाटमाथ्यावर, डोंगरउतारावर रात्री थंड हवा उताराने खाली घसरते. तिथे उघडी बाजू उताराकडे. बांधण्याआधी चार संध्याकाळी जागेवर उदबत्तीचा पुडा पेटवून धूर कुठे जातो ते पाहिलंत, तर अंदाज चुकणार नाही.

पहिली आग कधी लावायची?

भिंतीवर ७ ते १० दिवस पाणी मारा, अस्तरावर पाणी जाऊ देऊ नका. मग दोन-तीन आठवडे उन्हात वाळू द्या. पहिल्या दिवशी घमेलंभर काटक्या, अर्धा तास, बस. एक दिवस सोडून थोडी मोठी, मग आणखी एक. तिसऱ्या आगीला दगडातून पांढरट वाफ यायची थांबली असेल तर पुढे पूर्ण आग. बांधकाम संपलं त्याच रात्री पाहुणे बोलावून ओंडके टाकणं, हा शेकोटी बिघडवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

विझवायला पाणी ओतू का?

नेहमीसाठी नको. तापलेल्या विटेवर, दगडावर गार पाणी पडलं की तडा जातो, आणि राखेची गरम वाफ पाय भाजते. निखारे पसरा, वर कोरडी वाळू टाका. पाण्याच्या दोन बादल्या मात्र कायम शेजारी असू द्या; वारा सुटून ठिणग्या उडाल्या तर दगडाचा विचार करायचा नसतो. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो, म्हणून राख झाकणाच्या लोखंडी डब्यातच काढा, प्लॅस्टिकच्या घमेल्यात नाही.

काय जाळावं, काय टाळावं?

बाभूळ सर्वांत चांगली, हळू जळते आणि निखारा टिकतो. सुबाभूळ, आंबा चालतात. फोडून, सावलीत रचून सहा महिने वाळवलेलं लाकूड दोन तासांना १०-१२ किलो पुरतं. करवंट्या एका वेळी मूठभरच टाका, त्यांची आग फार तीव्र असते.

काजूची टरफलं जाळू नका, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, तिचा धूरही विषारी. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, प्लॅस्टिकही नको.

यात हुरडा किंवा पोपटी होईल का?

हुरड्याला खरी आगटी लागते: जमिनीतला छोटा खड्डा आणि गोवऱ्यांचे मंद निखारे. या शेकोटीत तळाच्या वाळूत एका बाजूला उथळ खळगा करून गोवऱ्या पेटवल्या तर कणसं छान भाजतात, पण मोठी आग विझून गेल्यावर. पोपटीचं मडकं ३ फुटांत सहज बसतं. वाळूवर उपडं ठेवा, भोवती गोवऱ्या, काटक्या, पेंढा लावा, आणि हवेच्या वाऱ्याकडच्या दोन वाटा विटेने बंद करा. नाहीतर मडक्याची एकच बाजू करपते.

पावसाळ्यात काय करायचं?

मृगाच्या आधी राख पूर्ण काढा. भिजलेल्या राखेचं क्षारयुक्त पाणी विटेत आणि दगडात मुरतं, वाळताना पांढरे क्षार वर येतात आणि पृष्ठभाग पोखरतात. वर २ मिमी पत्र्याचं, मधे थोडं उंच असलेलं झाकण ठेवा, कडेच्या बाहेर २ इंच येईल असं. हवेच्या वाटा उघड्याच राहू द्या. दसऱ्यानंतर झाकण काढून उन्हं खाऊ द्या आणि दिवाळीनंतरची पहिली आग पुन्हा घमेलंभर काटक्यांची.

जंगलाला लागून जमीन आहे. काही बंधनं आहेत का?

राखीव वनात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. तुमची जमीन खासगी असली तरी ठिणगी हद्द पाळत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत वणव्याचा काळ. सह्याद्रीतलं गवत त्याआधीच, डिसेंबरात वाळलेलं असतं. शेकोटीभोवती १० फूट पट्टा गवत काढून मुरूम टाकून ठेवा आणि वणव्याच्या काळात आग लावूच नका. शहरात पालिकेचे आणि सोसायटीचे नियम आधी विचारा. उघड्यावर जाळण्याला अनेक ठिकाणी मनाई आहे.

एखादी वीट तडकली किंवा दगडाची कपची उडाली तर?

अस्तराच्या विटेला केसाएवढा तडा गेला तर काही करू नका, वीट जागेवर राहते. तुकडा सुटला तर फायर क्ले खरवडून तेवढी वीट काढा, नवी बुडवून बसवा. वरच्या थरातली असेल तर तासाभराचं काम. कडेच्या दगडाची कपची उडाली तर आधी कारण शोधा. तोच दगड पुन्हा पुन्हा कपच्या टाकत असेल तर त्यात भेग आहे, बदला. बाहेरच्या भिंतीच्या दरजा उभ्या फुटल्या असतील, तर मागची पोकळी मालाने किंवा राखेने भरली गेली आहे. कडेचे दोन दगड उचलून वाकवलेल्या सळीने ती मोकळी करा, मगच दरजा भरा.